पाचवी कुपी

चूक माझी होती. कुपी मी भरली, लेबल मी लावलं, आणि आतली पावडर दुसऱ्याच बाटलीतली आहे हे लक्षात आल्यावर गप्पही मीच बसलो. एक-दोन दिवस नाही, तीन वर्षं. तेवढा काळ एका बाईंच्या प्रयोगशाळेपुढे आमच्या संस्थेच्या कागदांत ‘असमाधानकारक’ असा शेरा राहिला. तो शेरा माझ्या अक्षरातला आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी आमच्या संस्थेबद्दल बरंच अभिमानाने बोलणार आहे आणि त्या अभिमानाआड मी काही लपवतोय असं वाचणाऱ्याला वाटू नये.

मी नाशिकला एका औषध कंपनीच्या संशोधन विभागात रसायनतज्ज्ञ आहे. राहायला इंदिरानगरला, नोकरी अंबडला. आमच्या विषयाला औषधी रसायनशास्त्र म्हणतात. नातेवाईक समजतात की मी गोळ्या बनवतो. गोळी बनवणारे वेगळे. गोळीच्या आत जो रेणू काम करतो, तो घडवायचं काम आमचं. एखादा रेणू जंतूला मारतो पण पोटात टिकत नाही. मग त्याचा एक कोपरा बदलायचा, पुन्हा बनवायचा, पुन्हा तपासायला पाठवायचा. बहुतेक वेळा बदललेला रेणू आधीच्यापेक्षा वाईट निघतो. अशा वाईट निघालेल्या रेणूंची रांग मागे ठेवत ठेवत माणूस निवृत्त होतो. या कामात एकट्याने राहिलं तर वेड लागायची पाळी येते, आणि म्हणून संस्था लागते.

आमची संस्था म्हणजे देशभरातल्या औषधी रसायनतज्ज्ञांच्या एका संघटनेची नाशिक शाखा. ती सुरू केली थोरल्या सरांनी. आम्ही सगळे त्यांना थोरले सर म्हणतो. नाशिक रोडला राहतात, आता निवृत्त आहेत, पण महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी तीनच्या सभेला आजही पावणेतीनला हजर असतात आणि तीनला पाच मिनिटं कमी असताना घड्याळाकडे असं बघतात की जिन्यात गप्पा मारणारे आत येऊन बसतात.

सभा एका फार्मसी कॉलेजच्या वर्गात भरते. बाकं विद्यार्थ्यांच्या मापाची, त्यामुळे पन्नाशीतली पोटं अडकतात. पहिला विषय कायम एकच असतो: न जमलेलं. कोणीतरी उठून आपली फसलेली प्रक्रिया सांगायची. जमलेलं सांगायला परिषदा असतात, मासिकं असतात, साहेबांपुढची सादरीकरणं असतात. न जमलेलं सांगायला नाशिकमध्ये ही एकच जागा आहे, असं थोरले सर म्हणतात.

कंपन्यांच्या लोकांची यात अडचण होते. आपला रेणू उघड करायची आम्हाला परवानगी नसते. त्यावर तोड निघाली ती ढगाची. फळ्यावर रेणू काढायचा आणि गुपित भागाच्या जागी ढग काढायचा. फक्त जिथे प्रक्रिया फसली तेवढा कोपरा उघडा ठेवायचा. आमच्यात सातपूरच्या एका कंपनीतला एक खोडकर माणूस आहे, माझ्याच वयाचा, माझ्या कंपनीचा थेट स्पर्धक. मी एकदा फळ्यावर बराच मोठा ढग काढला तेव्हा तो मागून म्हणाला, “आज छत्री घेऊन यायला पाहिजे होतं.”

“तुमच्याकडे गेल्या महिन्यात काय ऊन पडलं होतं का?” मी म्हणालो.

“आमचा ढग तरी पातळ होता. तुमच्या ढगात काय आहे हे तुमच्या साहेबांनाही दिसत नसेल.”

पण मग त्यानेच सांगितलं की असाच कोपरा असलेला त्यांचा रेणू पाण्याच्या एका थेंबाने बिघडत होता, तुमचा द्रावक नीट कोरडा करून बघा. सोमवारी मी करून बघितला. चार महिने अडलेली प्रक्रिया त्या आठवड्यात झाली. अंबड आणि सातपूरमध्ये तसं अंतर काही किलोमीटरचंच, पण ते ओलांडायला दुसरा कुठलाच रस्ता नव्हता. असं मी कितीदा पाहिलंय. कॉलेजच्या मास्तरांना परदेशी मासिकं परवडत नाहीत, तर लेखांचं सामूहिक वाचन करायचं. कंपनीत जुनं झालेलं यंत्र भंगारात जाण्याआधी कॉलेजला मिळेल असं बघायचं. मुलं पहिल्यांदा पोस्टर लावतात तेव्हा त्यांच्यासमोर थांबून खरे प्रश्न विचारायचे, नुसतं ‘छान’ म्हणून पुढे जायचं नाही. लहान गोष्टी आहेत. पण आमच्या शहरातली बरीच मुलं या गोष्टींमुळे या विषयात टिकली, हे मला नावनिशीवार माहीत आहे.

आमच्या शाखेचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे पाच ठिकाणची तपासणी. एखाद्या कॉलेजात विद्यार्थ्यांनी नवा रेणू बनवला की त्याची पावडर पाच प्रयोगशाळांना पाठवायची. कुप्यांवर फक्त आकडा. प्रत्येकाने ती किती अंशाला वितळते, शुद्ध आहे का, एवढं तपासून उत्तर बंद पाकिटात आणायचं. पाकिटं सभेत सगळ्यांसमोर उघडायची. उत्तरं जुळली तर पावडरीवर विश्वास ठेवून ती पुढे मोठ्या संस्थेकडे जंतूंवर तपासायला पाठवायची. शिवाय ज्याचं उत्तर जुळलं त्या प्रयोगशाळेला शाखेचं पत्र मिळतं. कंपन्यांना त्याचं काही नाही, पण कॉलेजं ते पत्र चौकटीत लावतात. आणि लागोपाठ दोन वेळा समाधानकारक उत्तर देणाऱ्या कॉलेजला उन्हाळी प्रशिक्षण केंद्र मागता येतं. म्हणजे मे महिन्यात पंधरा दिवस शाखा तिथे यंत्रं नेते आणि आम्ही कंपन्यांतले लोक पाळीपाळीने जाऊन मुलांना शिकवतो.

या तपासणीत वाटपाचा एक नियम आहे. सगळी पावडर आधी एकत्र करायची, खलायची, चाळायची, आणि मगच कुप्या भरायच्या. म्हणजे पाचही जणांकडे खरोखर एकच वस्तू जाते. सचिव या नात्याने वाटप माझ्याकडे होतं.

मॅडम शाखेत आल्या त्या पेठच्या बाजूच्या एका लहान फार्मसी कॉलेजातून. तिथून सभेला यायचं म्हणजे आधी जीप, मग एसटी, मग रिक्षा. पहिल्या दोन सभा त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या सभेत न जमलेलं सांगायला कोणी उठेना, तर त्या उठल्या आणि त्यांनी फळ्यावर एक साधी, पहिल्या वर्षाची प्रक्रिया काढली. पुण्या-मुंबईच्या पुस्तकात लिहिलेल्या तापमानाला ती आमच्याकडे होत नाही, म्हणाल्या, कारण वीज दर वीस मिनिटांनी जाते आणि तेल थंड होतं. मग त्यांनी तापलेल्या वाळूच्या डब्यात भांडं ठेवून तापमान कसं टिकवलं ते सांगितलं. थोरले सर नंतर मला म्हणाले, “ही बाई आपल्यापेक्षा जास्त रसायनशास्त्र करते.”

त्यांच्या कॉलेजात मुलीच जास्त. डोंगरातल्या पाड्यांवरच्या. घरची माणसं भात-नागली झाली की द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरीकडे उतरतात, मुली कॉलेजच्या वसतिगृहात राहतात. मॅडमना प्रशिक्षण केंद्र हवं होतं. एकदा चहा घेताना मला म्हणाल्या, “सर, आमच्या पोरी नाशिकच्या केंद्राला येत नाहीत. पंधरा दिवस राहायचं कुठे, घरचे सोडतात का, हे सगळं असतं. तुम्ही यंत्र घेऊन एकदा वर या. त्यांनी एकदा हात लावला की भीती जाईल. मग कंपनीत मुलाखतीला गेल्या तर दारातच अडकणार नाहीत.”

“दोन वेळा समाधानकारक आलं की केंद्र तुमचंच,” मी म्हणालो.

एकदा त्यांचं समाधानकारक आलेलं होतं. दुसऱ्या वेळेची कुपी मी भरली.

त्या वेळी पावडर एका कॉलेजच्या मुलांनी बनवलेली होती आणि जेमतेम होती. मुलांनी ती इथाइल ॲसिटेट या द्रावकातून स्फटिक करून दिली होती. भांड्यात राहिलेल्या द्रावणातून अजून थोडी निघेल म्हणून ते द्रावणही त्यांनी मला दिलं. ते आटवून मी स्पिरिटमधून, म्हणजे इथेनॉलमधून, स्फटिक पाडले आणि वेगळ्या बाटलीत ठेवले. तपासलं तर वस्तू तीच, शुद्ध. दोन्ही बाटल्या एकत्र करून खलायच्या, हा नियम. पण त्या शनिवारी मला कंपनीत एक अहवाल द्यायचा होता आणि मी घाईत होतो. पहिल्या बाटलीतून चार कुप्या भरल्या. पाचवी भरताना हात लागून ती आडवी झाली, पावडर टेबलावर सांडली, पहिली बाटली संपली. मी दुसरी बाटली उघडली आणि पाचवी कुपी तीतून भरली. वस्तू तीच तर आहे, असं मनात म्हणालो. आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणायची परवानगी शिकाऊ माणसालाही नसते. पाचवा आकडा पेठच्या बाजूला गेला.

सभेत पाकिटं उघडली. चार उत्तरं एकशे एकावन्न-बावन्न अंश. मॅडमचं एकशे त्रेचाळीस.

सातपूरचा खोडकर म्हणाला, “वर डोंगरात थंडी जास्त, लवकर वितळली असेल.” सगळे हसले. मॅडमही थोड्या हसल्या. मग उठल्या.

“सर, पावडर अशुद्ध असती तर चार-पाच अंशांत रेंगाळत वितळली असती. ही एका अंशात वितळली. तीन वेळा बघितलं.”

“थर्मामीटर तपासलं होतं का?” मी विचारलं.

“बेंझोइक ॲसिडवर तपासलं. एकशे बावीस दाखवतंय, तेवढंच यायला हवं. पाकिटात लिहिलंय.”

लिहिलेलं होतं. कागद माझ्या हातातच होता. पण माझ्यापुढे बारा विषयांची पत्रिका होती, आणि खरं सांगायचं तर लहान कॉलेजच्या प्रयोगशाळेबद्दल माझ्या मनात आधीच एक उत्तर तयार होतं. दुसरी बाटली मला आठवलीही नाही. मी म्हणालो, “मॅडम, चार प्रयोगशाळा एक सांगतात आणि एक वेगळं सांगते, तेव्हा चारही चुकल्या म्हणायचं का? ताजी कुपी पाठवतो, पुन्हा करून बघा. काळजी करू नका, होतं असं.”

‘होतं असं’ हे मी मोठेपणाने म्हणालो. त्या खाली बसल्या. मी तक्त्यात त्यांच्या प्रयोगशाळेपुढे शेरा लिहिला आणि पुढच्या विषयाला गेलो.

सोमवारी सकाळी कंपनीत कपाट उघडलं तर दोन बाटल्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक रिकामी, एक अर्धी. अर्धीवर माझ्या अक्षरात ‘स्पिरिटमधून’ असं लिहिलेलं. मी ती पावडर काचेच्या नळीत भरून वितळवून बघितली. एकशे त्रेचाळीसला एका झटक्यात पाणी झाली.

आमच्या विषयातल्या पदवीधराला माहीत असतं की एकच पदार्थ दोन तऱ्हांचे स्फटिक करू शकतो. विटा त्याच, रचण्याची पद्धत वेगळी. एक रचना लवकर वितळते, लवकर विरघळते, दुसरी उशिरा. गोळी पोटात किती वेळात विरघळेल हे यावर ठरतं, म्हणून आमच्याकडे या गोष्टीला फार जपतात. मॅडमनी ते पकडलं होतं. पाच प्रयोगशाळांत त्या दिवशी सगळ्यात बारीक निरीक्षण त्यांचं होतं, आणि ते त्यांच्याकडून झालं ते माझ्या निष्काळजीपणामुळे.

मी तेव्हाच फोन करायला हवा होता. केला नाही. महिनाभरापूर्वी मीच सभेत नमुने हाताळण्याच्या शिस्तीवर व्याख्यान दिलं होतं. संघटनेच्या मुख्य कार्यालयाकडे उत्तम शाखा म्हणून आमचं नाव गेलं होतं. त्याचं कारण ही पाच ठिकाणची तपासणी होती, आणि अर्ज मी लिहिला होता. मी स्वतःला सांगितलं की ताजी कुपी जाईल, उत्तर जुळेल, विषय मिटेल. इतर चौघांच्या कुप्यांत उरलेली थोडी थोडी पावडर परत मागवून मी ताजी कुपी भरली. उत्तर एकशे एकावन्न आलं. मी इतिवृत्तात लिहिलं, ‘फेरतपासणीत सुधारणा.’

पंधरा दिवसांनी मॅडमचं पत्र आलं. तीन पानं, निळ्या शाईत, ‘सभेपुढे ठेवण्यासाठी, मा. सचिव यांस’ असं वर लिहिलेलं. त्यांनी दोन्ही कुप्यांतली शिल्लक पावडर घेतली होती. दोन्ही स्पिरिटमधून स्फटिक केल्या, तर दोन्ही एकशे त्रेचाळीसला वितळल्या. दोन्ही इथाइल ॲसिटेटमधून केल्या, तर दोन्ही एकशे एकावन्नला. म्हणजे वस्तू एकच, रूपं दोन, हे त्यांनी वाळूच्या डब्यावर सिद्ध करून पाठवलं होतं. शेवटी एकच विनंती होती: आमच्या कुपीतली पावडर वेगळ्या द्रावकातून आलेली होती का, एवढं सभेने तपासावं.

त्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकणारा जगात एकच माणूस होता. त्याने ते पत्र फाइलमध्ये खाली घातलं.

नियमाप्रमाणे लागोपाठ दोन समाधानकारक शेरे हवे होते, फेरतपासणी त्यात धरत नाहीत, त्यामुळे केंद्र नाशिकमधल्याच एका कॉलेजला गेलं. मॅडम आधी एका सभेला आल्या नाहीत, मग दुसरीला, मग कोणी विचारेनासं झालं. उत्तम शाखेचा मान आम्हाला मिळाला. व्यासपीठावर मानचिन्ह घ्यायला थोरल्या सरांनी मला पुढे केलं. फोटोत मी हसताना दिसतो. आमच्या दिवाणखान्यात ते मानचिन्ह बायकोने टीव्हीशेजारी ठेवलं होतं. मी ते पुस्तकांमागे सरकवलं, तर तिने विचारलं, “धूळ बसते म्हणून का?” मी हो म्हणालो.

मॅडमच्या कॉलेजात मी गेलो तो प्रात्यक्षिक परीक्षेचा बाहेरचा परीक्षक म्हणून. टाळता आलं असतं. नेमणुकीचा कागद हातात आला तेव्हा टाळायचाच विचार होता. का गेलो हे मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा टाळून टाळून दमलो होतो.

प्रयोगशाळा लहान, खिडक्या मोठ्या. बाकावर एक मुलगी वितळबिंदू काढत होती. तिच्यापुढे दोन कुप्या. एकीवर आमच्या शाखेचं लेबल, त्यावर पाचचा आकडा. दुसरीवरही आमचंच लेबल, ताज्या कुपीचं. तळाशी चिमूटभर पावडर उरलेली.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“सर, हे नमुन्याला ठेवलंय, बघायला. आम्ही करतो ते आमचं नवीन बनवलेलं.” ती जरा बिचकली, मग बोलायला लागली. “दोन्ही एकच हाय, पण वितळायला येगळं. मॅडम दरवर्षी देतात हा प्रयोग. आधी सांगत नाय काय ते. आम्ही आकडा खोडायला जातो ना, येगळा आला की. मग मॅडम म्हणतात, खोडू नका, आधी विचारा का आला.”

“आणि का आला?”

“स्फटिक येगळे बसलेत. स्पिरिटातले येगळे, ॲसिटेटातले येगळे.” मग तिने माझ्याकडे बघून धीर करून विचारलं, “सर, तुमच्या कंपनीत हे बघतात का?”

“बघतात,” मी म्हणालो. “त्यासाठी वेगळा विभाग आहे.”

“मंग तिथं आम्हाला घेतील का?”

मला तिच्याकडे बघवेना. मी तिला पूर्ण गुण दिले. ते दयेने दिलेले नव्हते, उत्तर पूर्ण होतं.

परीक्षा संपल्यावर मॅडम गुणपत्रिकांवर सह्या करत होत्या. मी समोर बसलो आणि सांगितलं. कुपी आडवी झाली इथपासून पत्र दाबलं इथपर्यंत. त्यांनी पेन खाली ठेवलं नाही, पण सह्या थांबल्या.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“दुसरी बाटली होती हे. दुसरं काही असूच शकत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच माहीत नव्हतं.”

“मग परत लिहिलं का नाहीत? थोरल्या सरांना फोन करायचात.”

“पत्र लिहिलं होतं ना सर. सभेला लिहिलं होतं. सभेने उत्तर दिलं नाही, तर मी समजले की सभेला आमच्या आकड्याची गरज नाही.” त्यांनी एक सही केली. “मला राग तुमचा नव्हता आला. सभेचा आला होता. मी त्या सभेला किती मानत होते हे तुम्हाला कळायचं नाही. जीप, एसटी, रिक्षा करून कोण येतं?”

मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. “इथे नको. शेरा सगळ्यांसमोर मिळाला होता.”

परत येताना मी गाडी थेट नाशिक रोडला घेतली. थोरले सर गॅलरीत पेपर वाचत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली. नंतर म्हणाले, “बस.” मी बसलो.

“पत्र कुठंय?”

“माझ्याकडेच आहे, सर.”

“नशीब, फाडलं नाहीस. शनिवारी पत्रव्यवहाराच्या विषयात वाच. आधी तिचं, मग तुझं जे काय असेल ते.” मग चष्मा काढून म्हणाले, “मला वाटायचं, या शाखेत मी एक गोष्ट शिकवून जातोय. तुला ती कळली नाही, म्हणजे माझंही काही फसलंच.” हे त्यांचं बोलणं मला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं.

“सचिवपदाचा राजीनामा देतो, सर.”

“राजीनामा देऊन कामातून सुटतोस होय? दे. पण केंद्राची यंत्रं वर न्यायची कोणी? तू न्यायचीस.”

मॅडमना सभेचं बोलावणं सरांनी स्वतः फोन करून दिलं.

त्या सभेत काय घडलं त्याचा मला आजही अभिमान वाटतो. ते आधी लिहितो. कोणी माझी समजूत घातली नाही आणि कोणी मला फाडूनही खाल्लं नाही. अध्यक्षांनी दुरुस्तीची नोंद घ्यायला सांगितली. जुन्या तक्त्यातला शेरा खोडायचा नाही, त्याशेजारी दुरुस्ती, कारण आणि माझं नाव लिहायचं, असं ठरलं. ते तसं लिहिलेलं आहे, कोणीही बघावं. वाटपाला यापुढे दोन माणसं लागतील, एक भरणारा आणि एक बघणारा, असा ठराव झाला. मॅडमच्या कॉलेजला केंद्र एकमताने मिळालं. आणि मग पाऊण तास सगळे मॅडमना प्रश्न विचारत राहिले. किती हळू थंड केलं, बी म्हणून जुना स्फटिक टाकला का, एक रूप ठेवून दिलं तर दुसऱ्यात बदलतं का. सातपूरचा खोडकर पुढच्या बाकावर येऊन बसला होता. थंडीचा विनोद मी केला होता मॅडम, म्हणाला, तो मागे घेतो. मॅडम म्हणाल्या, “राहू द्या. विनोद बरा होता, रसायनशास्त्र कच्चं होतं.” वर्ग हसला. त्या मे महिन्यात मी दोन गाड्या घेऊन वर गेलो. कुप्या दाखवणारी ती मुलगी आता सातपूरला एका प्रयोगशाळेत आहे आणि सभेत आम्हाला अवघड प्रश्न विचारते. अशी संस्था मला मिळाली हे माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे.

पण हे सगळं होण्याआधी, पत्रव्यवहार हा विषय पुकारला गेला तेव्हा, मी उठलो. हातात ती तीन पानं होती. निळी शाई थोडी फिकट झाली होती. मी ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या विनंतीपर्यंत वाचली, मधले आकडे सावकाश वाचले, म्हणजे लिहून घेणाऱ्यांना लिहून घेता यावेत. मॅडम खिडकीशेजारच्या बाकावर बसल्या होत्या. पत्र संपल्यावर मी माझा कागद काढला नाही. घरी लिहून आणलेला होता, पण त्यात कारणं फार होती.

“पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे,” मी म्हणालो. “पाचव्या कुपीतली पावडर वेगळ्या द्रावकातली होती. ती मी भरली. नियम मोडून भरली, आणि सभेनंतर दोन दिवसांनी कळल्यावरही मी सभेला सांगितलं नाही. हे पत्र तीन वर्षं मी दाबून ठेवलं. मॅडम, तुमचा आकडा बरोबर होता. तुमचं थर्मामीटर बरोबर होतं. तुम्ही सभेत उभं राहून जे सांगितलंत ते सगळं बरोबर होतं, आणि मी ते ऐकून घेतलं नाही, कारण ते लहान कॉलेजातून आलं होतं. तुमच्या विद्यार्थिनींचे तीन उन्हाळे माझ्यामुळे गेले. ते मला परत देता येणार नाहीत. मी तुमची माफी मागतो, त्यांची माफी मागतो, आणि ज्या सभेच्या नावाने मी गप्प बसलो त्या या सभेचीही.”